नकाशेवाल्यांना कोणी पाठवलं?

हातात मोबाईल धरायचा, मान वर करायची आणि कुठल्याही खेड्याच्या वेशीवर दहा मिनिटं उभं राहायचं. किस्सा आपोआप तयार होतो. आमच्याकडे असे इतके साठलेत की आम्ही तिघं भेटलो की काम बाजूला राहतं आणि चहा थंड होतो.

तिघं म्हणजे मी, जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. हर्षल, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आणि धुळ्याचे नाना, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे, तो कोणीही भरू शकतं. रविवारी फिरून आम्ही त्यात इकडचे रस्ते आणि विजेच्या तारा भरतो. नुसती रेघ मारून भागत नाही, प्रत्येक रेघेला टॅग द्यावा लागतो. डांबरी रस्ता, गाडवाट की पायवाट? मोठ्या टॉवरची लाइन की खांबावरची? आमचा नियम एकच. कागदावर काय आहे ते विचारायचं नाही, जमिनीवर दिसेल तेच भरायचं.

आणि जमिनीवर माणसं असतात. अडचण तिथेच आहे.

*

नशिराबादजवळ एका शेताच्या बांधावर नाना टॉवरवरच्या चिनी मातीच्या चकत्या मोजत होते. चकत्या मोजल्या की लाइन किती दाबाची आहे याचा अंदाज येतो. शेतमालक आला.

"कोणत्या कंपनीचे?"

"कोणत्याच नाही," मी म्हटलं.

"मग सरकारी?"

"नाही हो. हौस म्हणून करतो."

"पगार कोण देतो?"

"कोणीच नाही."

त्याने आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारून म्हणाला, "इकडं ये रे. कंपनीवाले परवडले, हे लोक फुकट काम करतात म्हणे."

मग त्याने आमचे तिघांचे समोरून, बाजूने आणि गाडीच्या नंबरसकट फोटो काढले. मी विचारलं, हे कशाला? तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही माझ्या वावराची नोंद करा, मी तुमची करतो."

*

नानांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण चाल अजून लाइनमनचीच आहे. मान वर, हात मागे, खांबागणिक एक थांबा. पारोळ्याच्या पुढे एका गावात ते असे शिरले आणि आम्ही मागून. पहिल्या गल्लीत कोणीतरी शीळ घातली.

पुढच्या गल्लीत पोचलो तर पंखे बंद. तिसऱ्या गल्लीत पिठाची गिरणी घरघरत थांबली. दोन माणसं लांब बांबू घेऊन घाईघाईने घरात शिरली. बांबूंच्या टोकाला वायरी लोंबत होत्या.

ओट्यावर एक म्हातारी पदराने वारा घेत बसली होती. मी विचारलं, "अक्का, लाइट कधी गेली?"

"तुम्हीन उनात तव्हय." म्हणजे आम्ही आलो तेव्हा.

"आणि येईल कधी?"

"तुम्हीन गयात का येई."

गाडीत बसल्यावर हर्षल म्हणाला, "नाना, तारांवर आकडे होते. जमिनीवर दिसतं ते भरायचं ना?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला मोतीबिंदू आहे."

*

धुळ्याकडच्या एका गावात काँक्रीट रस्त्याचा मोठा बोर्ड सापडला. लांबी, रुंदी, उद्घाटन, सगळं लिहिलेलं. बोर्डाच्या मागे कपाशी. आम्ही इकडे तिकडे बराच शोध घेतला. शेवटी नियमाप्रमाणे नकाशात फक्त बोर्ड भरला.

पंचायतीत हर्षल आपला नंबर ठेवून आला होता. महिन्याभराने सरपंचांचा फोन आला. "भाऊ, तुमच्या नकाशात आमचा बोर्ड दिसतो. रस्ता का दिसत नाही?"

"साहेब, आम्हालाही तोच प्रश्न पडला होता."

"मग बोर्डही काढून टाका."

"तसं करता येत नाही. जागेवर आहे तोवर ठेवावा लागतो."

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "आता येऊन बघा."

गेलो. दोन खड्डे होते, ताजी माती टाकून बुजवलेले. बोर्ड नव्हता. हर्षलने तिथेच उभं राहून नकाशातला बोर्ड पुसला. सरपंचांनी स्वतः चहा सांगितला.

*

फैजपूरच्या केळीच्या बागांमधला एक रस्ता आम्ही भरायचो आणि कोणीतरी पुसायचं. पुन्हा भरला, पुन्हा गायब. असं पाचदा झालं. रस्ता गिळायला निघालेला कोणी जमीनदार असणार असं मला वाटत होतं. नानांना हर्षलचा संशय, कारण त्याच्या मते ती गाडवाट होती. हर्षलला नानांचा, कारण नानांनी नुकताच लॅपटॉप घेतला होता. दोन रविवार दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

शेवटी त्या रस्त्यावरच जाऊन बसलो. एक सत्तरीतले आबा आले आणि विचारल्याबरोबर कबूल झाले. "मीच पुसतो. नातीनं शिकवलं." मग आम्हाला बागेच्या कडेला घेऊन गेले. केळीची एक ओळच्या ओळ आडवी झाली होती. मोबाईलवर रस्ता बघून ट्रक आत शिरायचे, पुढे वाट अरुंद झाली की आबांच्या बागेत वळायचे.

हर्षलने टॅग बदलला, मोठ्या गाड्यांना बंदी. आबांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. "म्हणजे रस्ता आहे, पण नाही?"

"तसंच."

"हे आधी का नाही सांगितलं?" आबा म्हणाले. "मी उगाच पाप करत बसलो." तरी त्यांनी नातीला फोन करून खात्री करून घेतलीच.

*

सातपुड्याच्या पायथ्याला एक पाडा आहे, वीसेक घरांचा. तिथली बायजाबाई डांबरी रस्त्यावरच आम्हाला आडवी आली तेव्हा आम्ही गाडीतून उतरलोही नव्हतो.

"जंगल खात्याचे?"

"नाही. नकाशा करतो."

"मोबाईलमधला?" तिचा आवाज बदलला. "दाखव. आमची वाट दाखव."

मी दाखवली. तुटक रेघ होती. तिने विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, पायवाट.

तिची सून बाळंतपणात अडली होती. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने डांबरी रस्त्यावरूनच फोन केला, की मोबाईलमध्ये पुढे रस्ता नाही. सुनेला झोळीत घालून सगळ्यांनी तिथवर नेलं. सून वाचली. बाळ गेलं.

"हे कोणी लिहिलं?" बायजाबाईने विचारलं.

उपग्रहाचा फोटो बघून, जळगावात बसून मीच लिहिलं होतं. तसं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. नाना काहीतरी बोलायला गेले, तिने हातानेच गप्प केलं.

"रस्ता कशाला म्हणतात तुमच्यात?"

"चारचाकी जाते, त्याला."

तिने हर्षलच्या गाडीकडे पाहिलं. "मग चल."

अर्ध्या वाटेपर्यंत गाडी गेली. पुढे नाला होता, कोरडा, पण नुसत्या दगडांचा. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. हर्षल म्हणाला, "मावशी, नाही जाणार." तिने नाल्यापलीकडे पाड्याकडे तोंड करून हाक मारली. घराघरांतून बाया, माणसं आली, पंचवीसेक असतील. नाना उतरायला लागले, त्यांना उतरू दिलं नाही. सगळ्यांनी खालून हात घातले आणि आम्ही तिघं आत बसलेलो असताना गाडी उचलली, नाला पार केला आणि पलीकडच्या काठावर ठेवली.

बायजाबाई खिडकीशी आली. तिला धाप लागली होती. कोपर खरचटलं होतं.

"चारचाकी गेली ना?" ती म्हणाली. "लिही आता. मी इथंच उभी आहे."