किरकोळ कारणावरून

पोलीस खात्यात भरती झाले आणि पहिली गोष्ट काय शिकले, तर माणसाला माणूस म्हणायचं नाही. इसम म्हणायचं. घर म्हणायचं नाही, राहते घर. नुसतं मारलं असं लिहायचं नाही. लाथाबुक्क्यांनी मारहाण केली. आणि तक्रारीवर काही करायचं नसलं की एनसी, म्हणजे अदखलपात्र. कागद फाइलला, माणूस घरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या त्या ठाण्यात मी एकटीच बाई, आणि ही भाषा मी आठ दिवसांत घोटून काढली. सुट्टीला कोडोलीला गेले की आईला म्हणायची, सदर भाकरी करपलेल्या स्थितीत मिळून आली. आई म्हणायची, खात्यानं पोरीला येड लावलंय.

नवरा-बायकोच्या मारामारीला त्या भाषेत एकच साचा होता: ‘घरगुती किरकोळ कारणावरून’. डोकं फोडलं तरी किरकोळ, दात पाडले तरी किरकोळ. मी माझ्या हातानं हे किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. लाज वाटते सांगायला, पण लिहिलं.

एका सकाळी एक बाई आली. डावा हात पदरात बांधलेला, मनगट सुजून टम्म. माहेर गडहिंग्लजकडचं, सासर आमच्या हद्दीतलं. तिच्या नवऱ्यानं सातवीतल्या पोरीचं लग्न ठरवलं होतं, पुढच्याच गुरुवारी, तिशीतल्या माणसाशी. हिनं पोरीला गुपचूप एसटीत घातलं आणि भावाकडं पोचवून आली. पोरगी कुठं आहे सांग म्हणून नवऱ्यानं दांडक्यानं हाणलं. हिनं सांगितलं नाही.

आमचे रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारे हवालदार, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चार ओळींत उरकलं. ‘घरगुती किरकोळ कारणावरून पतीने मारहाण केली.’ शाईचा पॅड पुढं सरकवला. जबाब फिर्यादीला वाचून दाखवायचा असतो, पण दाखवतं कोण? बाईनं अंगठ्याला शाई लावली आणि मला म्हणाली, अक्का, काय लिवलंय तेवढं वाचा की. मी वाचलं.

तिनं अंगठा मागं घेतला.

"माझी पोरगी किरकोळ हाय व्हय?"

आवाजसुद्धा चढवला नाही तिनं. रायटर समजुतीनं म्हणाले, ही कागदाची भाषा असते, मनावर घेऊ नका. हेच मी आधी कितीतरी जणींना सांगितलं होतं. पण त्या दिवशी माझं डोकं सटकलं. किरकोळ लिहिलं की एनसी. एनसी झाली की गुरुवारी मांडवात एकही पोलीस जाणार नाही, आणि नवरा मेव्हण्याच्या दारातून पोरीला ओढत आणणार. एवढं त्या अंगठेबहाद्दर बाईला कळलं होतं आणि बारावी झालेल्या मला नाही.

मी कोरा कागद ओढला आणि तिला म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. आमच्याकडच्या बायका करतो, जातो असंच बोलतात. खात्यात आल्यापासून मी ते दाबून ठेवलं होतं, तेव्हा तोंडातून आपसूक आलं. तिनं सांगितलं. मी पोरीला लपवलं. तिचं लगीन नको, तिला शिकवायचं हाय, म्हणून मला मारलं. मेलो तरी पत्ता देणार न्हाय. मी शब्दन् शब्द उतरवला. तिनं अंगठा असा दाबला की शाई पार मागच्या पानावर उतरली.

मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. हा जबाब आहे का कादंबरी, म्हणाले. साच्यात बसवून पुन्हा लिहून आण. मी सावधानमध्ये उभी.

"साहेब, नोकरी गेली तरी चालेल," मी म्हटलं. "कागद बदलणार नाही."

त्यांनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाले, दवाखान्याची यादी द्या. यादी म्हणजे जखमीला तपासा असं सरकारी डॉक्टरला दिलेलं पत्र. मनगटाचं हाड मोडलं होतं. गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी नवरा मुलाकडच्या चार पावण्यांना घेऊन आला, घरचंच आहे, मिटवून टाकू म्हणत. साहेबांनी तोच कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मुलाकडचे टोप्या सावरत उठले, आणि लग्न मोडलं.

मलाही बक्षीस मिळालं की. बाईला लिखापढी जमत नाही म्हणून टेबलावरून उचललं आणि ऐन उन्हाळ्यात ट्रॅफिकला टाकलं. तळपायाची आग मस्तकात जायची. पण एकदाही कुणाकडं बदली मागायला गेले नाही. मी गयावया करत यावं, हेच वरच्यांना हवं होतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी चौकाच्या कडेला ती बाई दिसली. हाताचं प्लास्टर निघालं होतं. शेजारी दोन वेण्या घातलेली पोरगी, पाठीवर दप्तर, आठवीतली. गाड्यांच्या रेट्यात दोघींना रस्ता ओलांडता येईना. मी शिट्टी फुंकली आणि चारही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबवल्या. दोघी सावकाश निघाल्या.

एसटीच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "बाई, कोण व्हीआयपी येतंय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "गपगुमान थांबायचं."