सौ. विमलचा डबा

दत्तमहाराजांशी मी चक्क भांडलो होतो. आयुष्यभर गुरुवार केले, आरती कधी चुकवली नाही, आणि बायकोवर ही वेळ? शालिनीचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं असं सगळे सांगत होते, पण तिने अन्नच सोडलं. समोर काहीही धरा, ती भिंतीकडे तोंड फिरवायची. माझ्याशी बोलायचीसुद्धा नाही. डॉक्टर शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, औषधं आम्ही देऊ, पण पोटात अन्न गेलं नाही तर आमच्याही हातात काही राहणार नाही." त्या दिवशी घरी देवघरासमोर उभा राहिलो आणि हातही जोडले नाहीत. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

माझा स्वभाव इथे सांगायलाच हवा, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. सहीशिवाय खिळा दिला नाही कुणाला! आणि कुणाचं काही घेतलंही नाही. उगाच कुणाच्या मिंधेपणात कशाला राहायचं? वर्तकनगरमध्ये इतकी वर्षं राहतोय, पण शालिनी आजारी पडल्यावर शेजारणी "भावजी, डबा पाठवू का?" म्हणाल्या, तेव्हा मी "नको नको, आमची सोय आहे" म्हणून दार लावून घेतलं. सोय कसली डोंबलाची! मला धड चहा येत नव्हता. ही खाणावळीतल्या तेलकट भाजीचा वास आला तरी डोळे मिटून घ्यायची आणि मी बाहेरच्या बाकावर बसून बिस्किटं खायचो.

अशाच एका दुपारी समोरच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण उठून आमच्याकडे आली. पन्नाशीची बाई, कपाळावर हे भलंमोठं कुंकू. आमची ओळख ना पाळख. तिने हातातला स्टीलचा डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मेतकूट-भात आहे. मऊ केलाय, तूप घातलंय. वहिनींना द्या." सवयीने माझ्या तोंडून "नको" निघालंच. तर ही बाई कडाडली, "तुम्हाला कोण देतंय? त्यांना देतेय!" आणि डबा उघडला. काय सांगू! गरम भात, मेतकूट आणि तुपाचा तो घरचा वास सुटला आणि शालिनीने मान वळवली. भिंतीकडून माझ्याकडे! मी घास धरला आणि तिने तोंड उघडलं. एक घास, मग दुसरा, मग आणखी. मला तर नाचावंसं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, हसूही येत होतं, आणि सिस्टर म्हणत होत्या, "काका, सांडताय तुम्ही, नीट भरवा."

डबा रिकामा झाला तसा मी तो विसळून आणला आणि त्या बाईंना द्यायला निघालो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, रिकामा डबा परत देतात का कधी? काही रीत आहे की नाही?" मी जागच्या जागी उभा राहिलो. इतक्या दिवसांनी ही बोलली होती, आणि बोलली ती मला रागे भरायला! त्या रागावण्याइतकं गोड मी जन्मात काही ऐकलेलं नाही. मी विचारलं, "अगं, पण मी त्यात घालू काय?" ती म्हणाली, "शिरा करा. मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी गॅससमोर, फोन स्पीकरवर, आणि बाईसाहेब वॉर्डमधून हुकूम सोडताहेत. "रवा तुपावर भाजा. मंद आच! मंद म्हटलं ना! घाई करू नका, वास सुटू दे." पहिला रवा करपला. दुसऱ्याच्या गुठळ्या झाल्या. "पाणी उकळतं घातलं नाहीत ना? मला माहीतच होतं!" असं ती फोनवर ओरडली, तेव्हा मागे अख्खा वॉर्ड हसल्याचा आवाज आला, त्यात हिचंही हसू होतं. तिसऱ्यांदा जमला. जमला म्हणजे काय, पिवळाधमक, मोकळा, वेलदोड्याचा! सवयीने आधी दत्तापुढे वाटी ठेवली आणि हात आपोआप जोडले गेले. आपण भांडलो होतो हेसुद्धा विसरलो.

वॉर्डमध्ये पोचलो तर समोरची खाट रिकामी. आदल्या संध्याकाळी मी घरी गेल्यावर त्यांना सोडलं होतं. मी नावही विचारलं नव्हतं. मग आठवलं, डब्याच्या झाकणावर नाव घातलंय, "सौ. विमल". वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, त्या बाई शहाडच्या, स्टेशनजवळ मुलाचं इस्त्रीचं दुकान आहे. मी शालिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "बघता काय? जा! आज मी दाल-खिचडी खाईन, सिस्टर भरवतील." खाईन म्हणाली! तिने स्वतःहून सांगितलं! मी शिऱ्याचा डबा छातीशी धरून शहाड गाठलं.

दुकान सापडलं, बाईही सापडल्या. मी म्हटलं, "विमलताई, तुमचा डबा." त्या खळखळून हसल्या. "अहो दादा, मी विमल नाही! माझी बहीण पहिल्यांदा तिथे होती ना, तेव्हा मला एका बाईने या डब्यातून उपमा दिला. तिलाही कुणीतरी दिलेला. कोण विमल, कुणाला ठाऊक!" असं म्हणून त्यांनी तिथेच चमचा मागवला, शिरा खाल्ला, मुलाला दिला, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही दिला. "छान झालाय हो!" ऐकताना मी वयात आलेल्या पोरासारखा लाजलो. निघताना त्यांनी डबा घासून मेतकुटाने भरला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "घरी ठेवून देऊ नका हं. तो थांबत नाही कुठे."

परतताना मला सारखे दत्तमहाराज आठवत होते. ज्यांच्या पायाशी सगळं जग, ते स्वतः खांद्याला झोळी लावून दारोदार माधुकरी मागतात. तसबिरीत ती झोळी मी रोज बघत होतो. पण आपल्यापुढे कुणी घास धरला तर हात पुढे करावा, हे मात्र कधी सुचलं नाही. त्यांनी माझ्याशी भांडण नाही केलं. समोरच्या खाटेवरून मऊ भात पाठवला, बस्स.

शालिनी घरी आली. चालायला लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल? मेतकूट दळून आणवलं. आता दर गुरुवारी ती मऊ भात करते आणि मी तो वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुणालातरी देतो. विमलचा डबा पहिल्याच गुरुवारी गेला. मग आमचे जायला लागले. ही तीच शालिनी बरं का, जी शेजारी गेलेली वाटी परत येईपर्यंत जिन्यात डोळे लावून बसायची! मांडणी रिकामी होत गेली तसतशी ती जास्तच खुलत गेली. परवा तिने शेवटचा डबा काढला. लग्नात आईने दिलेला, झाकणावर तिचं नाव. मी म्हटलं, "अगं, हा राहू दे, आईची आठवण आहे." ती म्हणाली, "डबा रिकामा ठेवू नये हेही आईनेच शिकवलंय." आणि भात भरला.

बाकावर मानपाड्याहून आलेला एक माणूस होता, आई आत होती त्याची. आधी "नको नको" म्हणाला. मी हसलो, म्हटलं, "तुम्हाला कोण देतंय? आईला देतोय." त्याने डबा घेतला, झाकण वाचलं आणि विचारलं, "शालिनी कोण?"

"कुणाला ठाऊक!" म्हटलं आणि निघालो. सही नाही, पावती नाही! अंगात असा आनंद भरला होता की रिक्षासुद्धा केली नाही, चालतच घरी आलो.

आल्या आल्या देवघरासमोर उभा राहिलो. मागायचं असं काही उरलंच नव्हतं. एवढंच विचारलं, "महाराज, घर तर रिकामं केलंत. आता पुढच्या गुरुवारी भात कशात देऊ?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्यांना काय विचारताय? चप्पल घाला, भांड्यांच्या दुकानात जाऊ. आणि हे बघा, या डब्यांवर नाव घालायचं नाही हं कुणाचं!"