पहिले दोन तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट सांगता येणार नाही. तुम्ही माधवीताईंना ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

मी यवतमाळची. शिकून पुण्याला आले, हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार. लग्नानंतर समीरनं आणि मी हडपसरच्या पुढे मांजरीला फ्लॅट घेतला. माधवीताई म्हणजे समीरची थोरली बहीण. कसब्यात एकट्या राहायच्या, शाळेत शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं मोजकं आणि तिरकस. माझ्या बाळंतपणाच्या वेळी समीर कंपनीच्या कामासाठी परदेशात अडकला होता, माझ्या आईला संधिवातामुळे प्रवास झेपत नव्हता. तेव्हा ताईंनी न विचारता महिन्याभराची रजा टाकली. म्हणजे त्या नसत्या तर माझ्याजवळ कुणीही नसतं. हे आधीच सांगून ठेवते.

शनिवार पेठेतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी एकोणीस तास कळा सोसल्या. मग एकदम धावपळ झाली, कुणीतरी तोंडावर मास्क धरला, आणि पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दुपार झाली होती. शेजारच्या खुर्चीत ताई बसल्या होत्या. ब्लाउजची बटणं उघडी, वरून शाल, आणि शालीच्या आत माझी मुलगी, ओवी — त्यांच्या छातीला चिकटून झोपलेली.

"बघ, आई उठली तुझी," ताई तिला म्हणाल्या. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मला काय वाटायला हवं होतं? आनंद? तो आला, पण नंतर. आधी मनात आलं — ऊठ तिथून. ती माझी जागा आहे.

पुढचे दोन दिवस ओवी माझ्याकडे आली की रडायची, ताईंनी घेतलं की गप्प व्हायची. मला दूध येत नव्हतं. टाके ओढत होते, कूस वळता येत नव्हती. आणि या बाई — ज्यांनी एक कळ सोसली नाही — तिला खांद्यावर टाकून खिडकीशी फिरायच्या. मी डोळे मिटून पडायची आणि त्यांची पावलं ऐकायची. हेवा असा पोटात दुखतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ओवीला ताप आला, श्वास जोरात चालू लागला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बालरोगतज्ज्ञांनी मला एकटीला आत बोलावून स्पष्ट सांगितलं, की जन्माआधी पोटातलं घाण पाणी तिच्या छातीत गेलं, त्याचा हा संसर्ग आहे, यात कुणाची चूक नाही. मी बाहेर आले. ताई दाराशी उभ्या होत्या. नाक लाल झालेलं. सर्दीनं की रडून — मी विचारलं नाही.

मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सर्दी असलेल्या कुणीतरी तिला उघड्या अंगाशी घेतलं. त्यातून झालंय."

बस. एवढंच.

ताई एक पाऊल मागे सरकल्या. ओवी आठवड्यात बरी झाली, पण त्यानंतर त्यांनी तिला कधी हातात घेतलं नाही. बारशालासुद्धा नाही. मांजरीला यायच्या, आणलेला खाऊ टेबलावर ठेवायच्या, आधी हात धुवायच्या आणि मग लांबच्या खुर्चीत बसायच्या. समीर म्हणायचा, "ताई पहिल्यापासून अशीच, तुटक." मी मान डोलवायची.

चार वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. या वेळी डेटॉलच्या वासानंसुद्धा हातपाय गार पडायचे. नव्या डॉक्टर म्हणाल्या, "त्या दिवशी जे तिथे होते, त्यांच्याशी आधी बोलून या." म्हणून मी त्या प्रसूतिगृहात गेले. लेबर रूमच्या कल्पना सिस्टर अजून तिथेच होत्या, आणि तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या अनुसयामावशीही. तीन शनिवार मी त्यांच्यासोबत मागच्या खोलीत चहा घेत बसले. त्यांनी मला ती दुपार पहिल्यापासून सांगितली. मला जोर लावता आला नाही म्हणून पोट फाडावं लागलं, असं मी चार वर्षं धरून बसले होते. सिस्टर म्हणाल्या, तसं नव्हतं. बाळाचे ठोके उतरत होते, थांबायला वेळच नव्हता.

"तुमी काय कमी पडला नाय, बाई," मावशी म्हणाल्या. मी तिथे हमसून रडले. काहीतरी खरंच सुटलं माझ्यातलं.

मग मावशी सहज म्हणाल्या, "आन् तुमच्या नणंदबाई बऱ्या हायत का? वॉर्मरात, त्या उबेच्या पेटीत, दुसरं लेकरू व्हतं. पोर गार पडाय लागली, तर मीच म्हनलं अंगाशी धरा. दोन तास हलल्या न्हाईत. पोर दूध हुडकत व्हती, तर ह्या आपल्या तिला सांगत्यात, 'थांब गं, माझ्याकडे नाहीये, आई देईल.'"

तेव्हा तरी मी वितळले असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बसमध्ये बसल्यावर मनात काय आलं, सांगू? माझ्या मुलीनं पहिल्यांदा दूध मागितलं, तेही ताईंकडे. मांजरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणात सगळं सुरळीत झालं. ताई दवाखान्यात आल्या, पण खाली फाटकाशीच थांबल्या. वर बोलावता आलं असतं. मी बोलावलं नाही.

ओवीच्या दहाव्या वाढदिवसाला घरात बरीच मंडळी होती. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. ओवी आली आणि तिनं विचारलं, "आई, आत्या मला कधीच जवळ का घेत नाही?"

मी मागे न बघता म्हणाले, "तिला लहान मुलं फारशी आवडत नाहीत."

वळले, तर दारात ताई. हातात रिकामं ताट. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ओवीकडे पाहून म्हणाल्या, "हो गं. मला नाही जमत ते." ताट ओट्यावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसल्या.

मी पुढची पुरी तेलात सोडली. मला तेव्हा बरं वाटलं होतं.