आईच्या नावावरची बचत

आमच्या शेवगावच्या कॉलेजात पैशाचं नियोजन शिकवायला एका बँकेचे साहेब आले. भर उन्हात कोट घालून! म्हणाले, "पोरींनो, महिन्याच्या उत्पन्नाचे तीन भाग करा." आम्ही निम्म्या जणी ऊसतोडवाल्यांच्या. आमच्या घरी दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून वर्षाची उचल एकदम येते, मग ती फिटेस्तोवर कोयता चालवायचा. तीन भाग कशाचे करायचे, कपाळाचे?

यंदा मात्र घरात वेगळंच चाललं होतं. आईचे गुडघे पार गेले होते. बायकांच्या खात्यावर महिन्याला सरकारचे पैसे यायला लागले, तसं तिनं वडलांना सांगून टाकलं, "आता म्या तोडीला न्हाई यायची. त्या पैशात अन् दोन शेळ्यांवर भागवीन." एवढं ठाम ती पहिल्यांदाच बोलली. मला लई आनंद झाला.

साहेबांनी घरचा अभ्यास दिला: आईचं नवीन खातं उघडा, आधार जोडा, शंभर रुपये टाका आणि सहा महिने तिकडं बघूसुद्धा नका. मी पडले हुशार! आईला एसटीनं आणलं, खातं उघडलं आणि खरंच बघितलं नाही.

पुढच्याच महिन्यापासून सरकारचे पैसे बंद. आई दर आठवड्याला गावातल्या जुन्या बँकेत जायची. "आलं का?" "न्हाई." कधी तारीख पुढं ढकललेली, कधी सर्व्हर बंद, कधी म्हणे निवडणूक. कारणं तेवढी वेळेवर यायची. शेवटी दिवाळी आली. आईनंही उचल घेतली आणि ट्रकमध्ये चढली. म्हणजे, दोघांनी तिला वर ओढलं.

जानेवारीत साहेब परत आले आणि स्टेजवर माझं नाव पुकारलं. सगळ्यात जास्त बचत आमच्या आईची! आधार शेवटी ज्या खात्याला जोडाल तिकडंच सरकारचे पैसे जातात, हे ज्ञान त्यांनी तेव्हा हसत हसत दिलं. टाळ्या पडल्या. ते प्रमाणपत्र त्यांच्याच टकलावर आपटावं, असं वाटलं मला.

संध्याकाळी आईला फोन लावला. ती नुकतीच फडातून कोपीवर, तोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, आली होती. सगळं सांगितलं.

"म्हंजे पैसे येतच हुते?"

"व्हय."

मग म्हणाली, "मग मी कशापायी आले गं हितं?"