अडकित्ता आणि सिगार

मुलगी झाली म्हणून आमच्या जावयानं बर्फीऐवजी सिगार आणले. दोनच, एका चपट्या लाकडी डबीत शेजारी शेजारी झोपवलेले. जावई परदेशात नोकरीला असतो. इकडची बातमी कळल्यावर तिथल्या साहेबानं ही डबी त्याच्या हातात ठेवली म्हणे. तिकडं मूल झालं की सिगार द्यायची पद्धत आहे. ‘एक तुम्हाला आणि एक अण्णांना,’ जावई म्हणाला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, माझे व्याही. सोलापुरात मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, एवढं मला माहीत होतं. धूर वाटल्याचं काही ऐकलं नव्हतं.

‘ओढायच्या आधी तो कापावा लागतो, बाबा,’ जावई म्हणाला. ‘नीट कापला नाही तर वाया जातो. मी तुम्हाला व्हिडिओ पाठवतो.’

मी उखडलो. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं, पोरांना बेडूक कापून दाखवले, आणि आता तंबाखूची एक कांडी कापायला मला व्हिडिओ बघायला लागणार? ‘काही पाठवू नका,’ म्हणालो आणि डबी कपाटात ठेवून दिली.

आता व्याह्यांबद्दल सांगायला हवं. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू. आम्ही अक्कलकोटकडचे, आमच्या घरात कन्नड. पोरांनी आपापसात लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत थोडी धुसफूस झाली, मग निवळली. धुसफूस गेली ती गेली, पण मागं ठेवून गेली मान. मी त्यांच्या घरी गेलो की व्याही उभे राहायचे. मी बसेपर्यंत बसायचे नाहीत. ते बसत नाहीत म्हणून मीही बसायचो नाही. अशी आमची निम्मी भेट उभ्यानंच व्हायची. उरलेल्या निम्म्या भेटीत ‘सर, तुमी घ्या की आदी’ आणि ‘छे छे, तुम्ही घ्या’ चालायचं, आणि तेवढ्यात चहा गार व्हायचा.

माणूस असा नव्हता, हे मला ठाऊक होतं. एकदा न कळवता मी त्यांच्या कारखान्यात गेलो होतो. मागांच्या खडखडाटात ते कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालून तोंड वर करून हसत होते. मला पाहिलं आणि हसू गिळलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, हात जोडले. ‘या सर.’ मला इतकं वाईट वाटलं की मी कशाला आलो होतो तेच विसरलो.

वाईट का वाटलं, तेही सांगतो. सोलापुरात मला ‘अरे’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आई गेली, थोरला भाऊ गेला. शाळेपासूनचा एक दोस्त होता, तो मुलाकडं पुण्याला राहायला गेला आणि आता त्याला फोनवर ऐकू येत नाही. बायको ‘अहो’ म्हणते. भाजीवाली ‘सर’ म्हणते, रिक्षावाला ‘सर’ म्हणतो, ज्यांना मी अंगठे धरून उभं केलं होतं ते आता टक्कल पडलेले बाप्येसुद्धा ‘सर’ म्हणतात. सगळे मान देतात आणि निघून जातात. दाढी करताना आरशात बघून मी स्वतःलाच ‘काय रे, कसा आहेस?’ विचारलेलं आहे, लाजायचं काय त्यात. व्याही माझ्याच वयाचे. त्यांना गप्पांची आवड, मला गप्पांची आवड. या माणसानं एकदा तरी मला ‘अरे’ म्हणावं असं मला मनापासून वाटायचं. पण व्याह्यानं व्याह्याला अरे म्हणायचं, हे कुठं झालंय?

बारसं आमच्याकडं झालं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, संध्याकाळी पाहुणे पांगले. जावई कुणाला तरी स्टेशनवर सोडायला गेला. बायका आत बाळाभोवती बसल्या. बाहेरच्या खोलीत उरलो आम्ही दोघं, एकमेकांना लोड पुढं सारत. तेव्हा मला त्या डबीची आठवण झाली.

‘घरात न्हाय हं, लेकराला धूर लागंल,’ व्याही म्हणाले, पण डोळे चमकले होते. मी देवघरातली काडेपेटी घेतली आणि बायकोकडं तिचा अडकित्ता मागितला.

‘कशाला?’

‘सिगार कापायला.’

‘माझ्या अडकित्त्याला तंबाखूचा वास लागला तर बघा,’ असं म्हणून तिनं तो दिला. आमच्या घरात बारीक कापायचं म्हणजे अडकित्ता, हे ठरलेलंच आहे. पोफळीची टणक सुपारी तो काडीसारखी कातरतो, मग सिगारची काय कथा?

गच्ची अजून तापलेलीच होती. आम्ही चटई टाकली. व्याह्यांनी एक सिगार हातात घेऊन उलटा-सुलटा केला. त्याचं एक टोक उघडं होतं, आतली तंबाखू दिसत होती. दुसरं टोक गोल आणि बंद.

‘आमचे नायना चुट्टा वढायचे,’ ते म्हणाले. नायना म्हणजे त्यांचे वडील. ‘त्याची दोन्हीबी तोंडं उघडी असत्यात. कापायचं काय नसतंय त्याला.’

‘हा चुट्टा नाही,’ मी शास्त्राच्या मास्तराच्या सुरात सांगितलं. ‘बंद बाजू तोंडाकडची. तिथून हवा आत यायला पाहिजे. म्हणून ती बाजू कापायची.’

‘तुमी म्हणता तर कापा की, सर.’

बाजू मी बरोबर सांगितली होती, एवढं पदरात घाला. बाकी सगळं चुकलं. अडकित्त्याला धार एकाच बाजूला असते. दुसरी बाजू सुपारी धरायला. सुपारी टणक म्हणून ती फटकन तुटते. सिगार मऊ. मी बोटाच्या एका पेराइतका तुकडा अडकित्त्यात धरला आणि हळूहळू दाबत गेलो. तो आधी चपटा झाला, मग चिरडला, मग कधीतरी तुटला. वरचं पान तडकलं आणि टॉवेलची किनार उसवावी तसं गोल गोल सुटायला लागलं. चटईवर तंबाखू सांडली.

मी व्याह्यांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. ते म्हणाले, ‘छान झालंय की सर.’

मी तो पेटवला. तोंडात पाल्याचा चुरा आला, धूर फटीफटीतून बाहेर जायला लागला. मी थुंकलो. व्याही म्हणाले, ‘धूर येतोय की चांगला.’ आता मला सिगारचा राग येईना, या माणसाचा यायला लागला. डोळ्यांदेखत माझं वाटोळं होतंय आणि हे गृहस्थ मान राखत बसलेत!

तो सिगार मी विझवून बाजूला ठेवला. दुसरा उचलला. वाटलं, आपण दाबायला घाबरलो म्हणून बिघडलं. या खेपेला जरा आणखी खालून, दणकन एका झटक्यात तोडायचा. मी सिगार पार मधोमधच्या जवळ अडकित्त्यात सरकवला आणि मूठ आवळली.

‘ओरेय्! आगुरा!’

व्याह्यांनी माझं मनगट धरलं होतं. ‘काय करायलास? त्याचाबी भुगा करतोस व्हय? माझा हाय त्यो!’

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघं तसेच बसलो, त्यांच्या हातात माझं मनगट आणि माझ्या हातात अडकित्ता.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला तेवढं तेलुगू कळतं. ओरेय् म्हणजे अरे, आगु म्हणजे थांब. आणि त्यापुढचा तो ‘रा’ जो आहे, तो मान द्यायच्या माणसाला लावत नाहीत. तो भावाला लावतात, दोस्ताला लावतात, लहानपणी विटी हरवणाऱ्याला लावतात. आमच्या कन्नडमध्ये तोच ‘रो’ होतो. आई दारातून ‘बारो’ म्हणून हाक मारायची, म्हणजे ये रे. ते ऐकून कितीतरी वर्षं झाली होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं नव्हतं, सिगार तर केव्हाच विझला होता.

व्याह्यांनी माझे डोळे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. मनगट सोडून ते ताडकन उभे राहिले. ‘चुकलं सर. तोंडातनं गेलं. मनावर घेऊ नका.’

मी जर त्या क्षणी ‘असू द्या, असू द्या’ म्हणालो असतो, तर आम्ही मरेपर्यंत एकमेकांपुढं लोड सारत बसलो असतो. हे मला लख्ख कळलं. पण चाळीस पोरांच्या वर्गावर ओरडणारा मी, आणि एका माणसाला ‘तू’ म्हणायला माझी जीभ जड झाली. काहीतरी करायचं म्हणून मी तो बिघडलेला सिगार उचलला आणि त्याचा तुटलेला तुकडा नखानं उकलायला लागलो.

त्या गोल टोकावर पानाचाच एक छोटा तुकडा वेगळा बसवलेला होता, टोपीसारखा. खालच्या पानाचे वेढे त्याच टोपीनं धरून ठेवले होते. मी टोपी पार खालून उडवली म्हणून सगळं सुटलं.

‘बघू,’ व्याही वाकले. त्यांनी तो तुकडा अंगठ्यावर चोळला. ‘खळ लावलीय की याला. चिकटवलंय.’ सुताला खळ लावण्यात हयात गेलेला माणूस, त्याला ती बोटाला कळली.

‘म्हणजे टोपी सगळी काढायची नाही,’ मी म्हणालो. ‘वरचा नुसता गोल उडवायचा. टोपीची कड खाली शाबूत राहिली पाहिजे.’

व्याह्यांनी खिशातून टॉवेलचे धागे तोडायची बोटभर कात्री काढली. दोन्ही पाती पातळ, दोन्हीला धार. ती त्यांनी माझ्यापुढं धरली, अदबीनं, दोन्ही हातांनी.

मी घेतली नाही. दुसरा सिगार डोळ्यांसमोर आडवा धरला, मोठा श्वास घेतला आणि म्हणालो, ‘मी धरतो. तू काप.’

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. फक्त खाली बसले, मांडीला मांडी लागेल इतके जवळ.

‘इथं?’

‘वर. आणखी वर. गोलाई संपायच्या आधी.’

कट्. एकाच दमात. नखाएवढी पातळ चकती चटईवर पडली, आणि सिगारचं तोंड असं गुळगुळीत कापलं गेलं की आम्ही दोघांनीही आपापला अंगठा त्यावरून फिरवून पाहिला. न पेटवताच मी ओढून पाहिला. हवा सरळ आत आली, गोडसर, ओल्या लाकडासारखा वास घेऊन. मग पेटवला. ज्योत लांब धरून हळूहळू फिरवत पेटवला, कारण तोवर आमची घाई संपली होती. धूर गिळायचा नसतो हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी मी ठसकलो. मग ते ठसकले. मग एकमेकांकडं बघून जे हसायला लागलो ते बायको जिन्यात येऊन ‘पडलात का कुणी?’ विचारेपर्यंत.

एक सिगार दोघांत पुरला. व्याह्यांनी नायनांच्या चुट्ट्याच्या गोष्टी सांगितल्या, मी शाळेतल्या बेडकांच्या. होटगीकडं जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी झाली तेव्हा अंधारून आलं होतं. पण एक होतं. त्या सगळ्या गप्पांत त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. सर नाही, तुम्ही नाही, तूही नाही. सगळी वाक्यं अशी जुळवून बोलत होते की समोरच्याला काही म्हणायची वेळच येऊ नये. मी मुद्दाम दोनदा ‘तू’ म्हणून पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

खाली आलो तर अंगणात सगळी जमली होती. विहीणबाई, माझी बायको, बाळाला खांद्यावर घेतलेली लेक. व्याह्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. हात जोडले. ‘येतो सर. लई आनंद झाला. काय चुकलं-माकलं तर पोटात घाला.’

मीही हात जोडले. ‘या. सावकाश जा.’ दुसरं काय म्हणणार? एका सिगारवर एवढंच मिळायचं होतं, अशी मी मनाची समजूत घालत फाटकाशी उभा राहिलो. त्यांनी स्कूटर चालू केली, विहीणबाई मागं बसल्या, गाडी बोळाच्या टोकाला गेली. तिथं वळायच्या आधी ती थांबली. विहीणबाई काहीतरी दटावत होत्या. आणि मग सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा आवाज आला.

‘ओरेय्! सकाळी कारखान्यावर ये रा! च्या पिऊ!’

शेजारच्या गॅलरीतली दोन डोकी बाहेर आली. माझी बायको कमरेवर हात ठेवून रस्त्याकडं बघत राहिली. बाळाला थोपटत लेकीनं विचारलं, ‘बाबा, अण्णा कुणाला हाक मारायलेत?’

‘मला,’ मी म्हणालो.