तालात न बसलेली दमूताई

"ताई गेली रे... लय शांत गेली," माझ्या मित्राचा, वसंताचा फोन आला तेव्हा मी वणीत भजनाच्या कार्यक्रमासाठी तबला लावत होतो. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, आमची दमूताई. मला त्या 'शांत'चाच राग आला. ही बाई आयुष्यात कधी शांत बसली नाही, जाताना बसली असेल यावर माझा विश्वास नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. भेटणारे म्हणतात, छान छंद होता हो त्यांना. छंद! छंद पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना असतो.

मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली ही मुलगी. भावाने गुलाब-झेंडू सांभाळला, हिने शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर भाचीच्या मोबाईलवर गूछिन नावाचं चिनी वाद्य ऐकलं. सात तारांचं, आडवं, टेबलावर ठेवून वाजवायचं. दुसरी कुणी 'छान आहे' म्हणून आपल्या कामाला लागली असती. हिने त्या वाद्याच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्यांची पानं इंटरनेटवरून काढली, झेरॉक्सच्या दुकानात मोठी करून घेतली आणि एकेका चिन्हाचा अर्थ लावत बसली. हरसूलच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाची फळी कोरून घेतली, बोट कुठे ठेवायचं ते दाखवणाऱ्या तेरा खुणांच्या जागी जुन्या शर्टांची शिंपल्याची बटणं बसवली. तारा तेवढ्या बाहेरून मागवल्या.

त्या पोथ्यांत सगळं असतं... कोणती तार, कोणतं बोट, कुठे दाबायचं, किती सरकायचं. नसतो तो फक्त वेळ. कुठला सूर किती थांबवायचा, हे लिहिलेलंच नाही. ते वाजवणाऱ्याने शोधायचं, आणि एकेका रचनेला वर्षं जातात. दमूताईने चार पानांची एकच रचना निवडली. ती शेवटपर्यंत, पुरी, एकदा तरी वाजवायची, एवढाच तिचा हट्ट होता.

पहिला घोळ मीच घातला. तिचे सूर ऐकून माझे हात शिवशिवले आणि मी खाली तीनताल धरला. काय बसलं म्हणता! दोन वर्षं खपून आम्ही पहिली तीन पानं सोळा मात्रांत घट्ट बांधली आणि एका छोट्या सभागृहात वाजवली. समेवर माना हलल्या, 'वा' आली, टाळ्या पडल्या. मी खूश. दमूताई घरी आल्यावर म्हणाली, "समेला लोकांनी माना हलवल्या, बघितलंस? ती तुझी सम होती. पोथीतल्या माणसाला सम माहीतच नव्हती. मी मेली तिच्याकडे धावत सुटले." मग खोडरबर घेतलं आणि दोन वर्षांच्या पेन्सिलीच्या खुणा एका बैठकीत पुसल्या. मला रडू आलं. तिला नाही.

पुढच्या खेपेला ती तालाशिवाय वाजवायला बसली, तेव्हा निम्मे लोक चहाला उठले. एका जाणकाराने सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, हे असंच वाजायचं याला पुरावा काय?"

"पुरावा कागदावर आहे तेवढाच," ती म्हणाली. "बाकीचं माझ्या जबाबदारीवर. तुम्हाला चुकीचं वाटलं तर घरी या, पोथी देते, तुम्ही वाजवा." तो आला नाही. असले लोक येत नसतात.

शेवटच्या वर्षी तिची बोटं सुजली. मग तिने मला बसवलं. तबलजीची बोटं, आपटायची सवय. तिने वर्षभर माझ्यावर वस्सकन ओरडून ती मोडली. ती डोळे मिटून सांगायची, मी वाजवायचो. तीन पानं पुन्हा उभी राहिली. चौथं राहिलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथेही म्हणाली, "माझी वाट बघत बसू नकोस, गाढवा. चुकलास तरी चालेल, पण पुरं कर."

शोकसभेला संयोजकांनी सुचवलं, ताईंची ती धून हलक्या ठेक्यावर घेऊ, लोकांना भावेल. मी नाही म्हणालो. वाईट दिसलं तर दिसू दे. वाद्य काचेच्या कपाटात ठेवायला एका संस्थेने मागितलं. वसंता देऊन टाकायला तयार होता. "पडून ऱ्हाईल ना रे इथं," तो म्हणाला. मी म्हटलं, "पडून राहणार नाही. मी रोज येतो." सहा आठवडे येतोय. त्या फळीवर चौथ्या तारेखाली एका जागी रोगण पार उडालंय, दमूताईच्या अंगठ्याने. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही. मला तिची फार आठवण येते आणि त्याच वेळी तिचा रागही येतो.

गेल्या रविवारी चारही पानं सलग वाजवली. चौथ्यात चुकलो असेन. माझ्या जबाबदारीवर चुकलो. वसंता मळ्यातून येऊन दारात उभा होता. शेवटच्या चिन्हाला तार छेडून अंगठा वर सरकवत न्यायचा असतो. आवाज विरतो, तरी अंगठा थांबवायचा नाही. खोलीत काहीच ऐकू येईना.

"झालं का?" वसंताने विचारलं.

"नाही. अजून चालू आहे."

त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, चिखलाच्या चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन बसला.