उम्म सलाल मोहम्मदमधला शुक्रवार

गुडघे कुरकुरत होते, पण लेक माधवीने दोहाचं तिकीट पाठवलं आणि मी चकल्यांचा डबा बांधला. मुंबईहून चार तासांचं विमान. जाणाऱ्यांनी जानेवारीत जावं. उन्हाळ्यात तिथं म्हणे पापड वाळत नाही, भाजून निघतो. पहिले दोन दिवस बाजार, समुद्रकाठ आणि एक रियालचा वेलचीवाला करक चहा. मेट्रो दोन रियालांत, आणि बसायला जागा.

गुरुवारी माधवीच्या ऑफिसातल्या एस्थरचा फोन आला. एस्थर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. अलिबागकडे यांना शनिवार तेली म्हणत. शनिवारी यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस; घाणा बंद ठेवायचे ना.

"मावशी, उद्या जेवायला या. पपा आलेत, पण रविवारी परत जातो म्हणतात. इथे सिनेगॉग नाही, प्रार्थनेला दहा माणसं नाहीत, मग कसला शब्बाथ? आई गेल्यापासून ते अलिबागला एकटेच असतात. थंडीभर तरी राहावेत."

एस्थरचं घर उम्म सलाल मोहम्मदमध्ये, दोहाच्या उत्तरेला; मी आणि माधवी टॅक्सीने अर्ध्या तासात पोचलो. शुक्रवारी नमाज होईपर्यंत दुकानं बंद, म्हणून एस्थरने हमूर मासा आदल्या दिवशीच आणून ठेवलेला. त्यांच्या धर्मात खवल्यांचाच मासा चालतो, कोळंबी नाही. "जन्म अलिबागचा आणि कोळंबीची चव माहीत नाही," तिचे वडील मोझेसकाका म्हणाले. "नशीब एकेकाचं."

शब्बाथ शुक्रवारी मावळतीलाच लागतो, म्हणून दिवस मावळायच्या आधी एस्थरने हॉलमध्ये मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरले. काकांनी काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला उचलून हिब्रू प्रार्थना म्हटली. हेल मात्र थेट अलिबागचा. मी हात धुवायला गेले. वाटेत जेवणाची खोली रिकामी, दिवा उगाच जळतोय. हाताची सवय, टक्कन बंद केला.

"चला, पानं वाढलीत," म्हणत एस्थर दारात आली आणि थबकली. आत मिट्ट काळोख. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांनी दिवा लावायचा नाही, म्हणून तो मुद्दाम चालू ठेवलेला.

"अगं, लावते की," मी म्हटलं.

"मावशी, आमच्यासाठी नको. आम्हाला दुसऱ्या कुणाला लावायला सांगताही येत नाही." तिचा आवाज रडवेला झाला. मला धरणी दुभंगावी असं झालं.

मग काका खाकरले. "ताई, तुम्हाला अंधारात माशाचे काटे दिसतात का?"

"मला भर दुपारी दिसत नाहीत."

"मग तुमच्या जेवणाचं तुम्ही बघा बुवा. आम्ही आपले शेजारी बसू." आणि ते छताकडे बघत राहिले.

मी माझ्यापुरता दिवा लावला. माधवीला हसू आवरेना. नारळाच्या दुधातलं ते कालवण मी दोनदा मागून घेतलं.

"आमच्या गल्लीत एक काकू होत्या," काका भात कालवत म्हणाले. "दर शुक्रवारी चष्मा शोधायला म्हणून आमच्याकडे यायच्या, दिवा लावून जायच्या. चष्मा नाकावरच असायचा." एस्थरकडे वळून म्हणाले, "दहा माणसं कुठून आणणार? पण एक वेंधळी शेजारीण मिळाली. रविवारचं जाणं राहू दे."

पुढचे दोन शुक्रवारही मी तिथेच जेवले.

नाशिकला परतून महिना झाला. माधवी सात वर्षं तिकडे एकटी, याचा घोर मला असायचा. शुक्रवार तिच्या सुट्टीचा, म्हणून संध्याकाळी माझा फोन ठरलेला. आता मी तो सकाळीच करते. संध्याकाळी ती काकांकडे जेवायला गेलेली असते.